हुपरीच्या गल्लीतून आमच्या गोठ्यात

आमचे गाव विट्याच्या पुढे, खानापूर तालुक्यात. टेंभू योजनेचे पाणी शिवारात येण्यापूर्वी आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर आला, नाही तर नाही. म्हणून पुष्कळ घरांतला एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेला असे. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी आटवून, तेजाबात घालून शुद्ध करण्याचे काम. देशातल्या कितीतरी सराफ बाजारांत आजही खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला भेटतो. माझे सासरेही तरुणपणी तमिळनाडूत गलाईच्या दुकानात होते. सत्तावीस वर्षांनी ते परत आले ते थोडी शिल्लक, पुष्कळ अनुभव आणि न जाणारा खोकला घेऊन.

त्यामुळे घरीच दागिने घडवायला शिकावे असे जेव्हा मी बोलून दाखवले, तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदम म्हणाल्या, ‘‘चांदी हाय म्हणून काय झालं? ज्या धुरानं माणसाची छाती खाल्ली, त्यो धूर माझ्या घरात नको.’’

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. पण माझ्याही मनाने घेतले होते. बैल जाऊन ट्रॅक्टर आल्यापासून आमचा गोठा रिकामा पडला होता. दुपारचे दोन-अडीच तास हाताला काम नसायचे. अशा वेळी माझी मामेबहीण एका लग्नात भेटली. तिचे सासर हुपरीचे. मी तिला अक्का म्हणते. ती म्हणाली, ‘‘आधी आमच्याकडं येऊन बघ तरी. बघितल्याशिवाय कशाला भ्यायचं?’’

ऊस गेल्यावर चार दिवसांची सवड काढून मी निघाले. विट्याहून तासगावमार्गे सांगली, सांगलीहून इचलकरंजी आणि इचलकरंजीहून हुपरी. पंचगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. काळी जमीन, पाटाचे पाणी, साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या. आमच्या माळरानाची सवय असलेल्या डोळ्यांना ही हिरवाई पाहून थोडा हेवाच वाटतो. वाटले, इतके पाणी असताना इथल्या लोकांना चांदीचा नाद कशाला लागला असेल?

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याचे गाव. आता तिथे नगरपरिषद आहे. गावात अंबाबाईचे देऊळ आहे. पण हुपरीची खरी ओळख म्हणजे चांदीचे पैंजण. सेलम आणि आग्रा ही जशी चांदीच्या पैंजणांची नावाजलेली ठिकाणे, तसेच आपल्याकडे हुपरी. शेजारच्या रेंदाळ, पट्टणकोडोली या गावांतही हे काम पसरले आहे. वेशीवर मोठा कारखाना दिसेल, भोंगा वाजेल, असे मला वाटले होते. तसले काही नाही. कारखाना आहे तो घराघरात. गल्लीतून चालताना एका दारातून हातोडीची टकटक, दुसऱ्या दारातून पॉलिशच्या मोटारीची घरघर, तिसऱ्या दारातून नुसते घुंगरांचे झुळझुळणे. दाराशी शेळी बांधलेली आणि आत सोप्यावर चांदीच्या साखळ्यांचा ढीग!

अक्काच्या घरी सोप्यावर तिची सासू, जाऊ आणि ती अशा तिघी बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात दोन चिमटे, पुढे थाळीत चांदीच्या बारीक कड्या. एक कडी उघडायची, दुसरीत अडकवायची, मिटायची. बोलणे चालू, हात चालू. पोरगे शाळेतून आले की उठायचे, भाकरी वाढायची, पुन्हा बसायचे. कामाची मजुरी वजनावर.

दुसऱ्या दिवशी अक्काने मला गल्लीत फिरवले, तेव्हा एका पैंजणाचा प्रवास कळला. तो एका घरात जन्मतो आणि किती उंबरे ओलांडून पुरा होतो! एका घरात आटणी. मुशीत चांदी वितळते ती सुमारे 962 अंश सेल्सिअसला. शुद्ध चांदी फार मऊ, पायात घातली तर वाकेल. म्हणून तिच्यात तांबे घालतात. दागिन्यावर 925 असा आकडा असतो त्याचा अर्थ हजार भागांत 925 भाग चांदी आणि उरलेले 75 भाग बहुधा तांबे. वितळलेली चांदी साच्यात ओतून कांडी करतात. दुसऱ्या घरात ती कांडी यंत्रातून दाबून लांब करतात आणि मग जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे पोलादाची पट्टी. तिला मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने भोके. तार एकेका भोकातून ओढत गेले की बारीक होते. तिसऱ्या घरी तारेच्या कड्या, चौथ्या घरी जोडणी, पाचव्या घरी डाक, मग घुंगरू, धुलाई, पॉलिश. काही कामांना आता यंत्रे आली आहेत. पण पैंजण अजून माणसाच्या हाताशिवाय पुरा होत नाही.

परत येताना मी अक्काला विचारले, ‘‘डाक लावायची म्हणजे नक्की काय करतात गं?’’

ती थबकली. म्हणाली, ‘‘सतरा वरसं मी कड्या जोडतीया, पर डाक कशी लावत्यात ते कदी हातानं केलं न्हाई. कुणी शिकवलं न्हाई, आन् मी बी इचारलं न्हाई.’’

हे बोलणे माझ्या मनातून जाईना. ज्या घरातून मणामणाने चांदी गेली, त्या घरातल्या बाईला एक साधे वाळे स्वतःच्या हाताने पुरे करता येत नव्हते. कारागिरीचा एकच तुकडा ज्याच्या हाती, तो कितीही कुशल असला तरी दुसऱ्याने दिलेल्या कामाचीच वाट पाहतो. आपल्या शेतीचेही तसेच नाही का? पेरणीपासून बाजारापर्यंत ज्याला सगळे कळते तो शेतकरी. ज्याला फक्त खुरपणी येते तो मजूर.

अक्काच्या ओळखीचे एक म्हातारे कारागीर शेजारच्या गल्लीत राहत. मी त्यांना माझी इच्छा सांगितली आणि सासऱ्यांच्या खोकल्याचीही गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बाई, गलाई वेगळी आणि घडाई वेगळी. शुद्ध करायला तेजाब लागतं. तुला शुद्ध करायची नाही, घडवायची आहे. शुद्ध चांदी, तयार डाक बाजारातून घे आणि तेजाबाला घरात पाऊलच टाकू देऊ नकोस.’’ चार दिवसांचे मग आठ दिवस झाले. रोज सकाळी मी त्यांच्या पुढ्यात बसले. पण आठ दिवसांत त्यांनी मला चांदीला हात लावू दिला नाही. सगळे शिक्षण तांब्याच्या तारेवर! ‘‘तांब्यावर चुकलीस तर रुपया जाईल, चांदीवर चुकलीस तर झोप जाईल,’’ असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्याकडे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ भगिनींना ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कडीची. पोलादी सळईवर तार गुंडाळायची, स्प्रिंगसारखी, फटी न ठेवता. मग उभी कापली की एकसारख्या कड्या पडतात. किती तार लागेल याचाही हिशेब आहे. सळईची जाडी आणि तारेची जाडी यांची बेरीज करायची आणि तिला 3.14 ने गुणायचे. सळई 4 मिलिमीटर, तार 1 मिलिमीटर, बेरीज 5, एका कडीला 15.7 मिलिमीटर. वीस कड्यांना 314 मिलिमीटर, म्हणजे फुटाहून थोडी जास्त. कडी उघडताना दोन्ही टोके एकमेकांपासून ओढून फाकवायची नाहीत. एक टोक पुढे, एक मागे असे बाजूला वळवायचे. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही.

दुसरी गोष्ट तार मऊ करण्याची. तार ओढून, वाकवून, ठोकून कडक होते. मग ती तुटते. तेव्हा तिला जाळावर धरून अंधुक लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात टाकायचे. इथे मी गोंधळले होते. लोहार कोयता तापवून पाण्यात घालतो तेव्हा तो कडक होतो ना? पण पोलादाचा गुण वेगळा. तांबे आणि चांदी पाण्यात विझवली तरी मऊच राहतात.

तिसरी गोष्ट डाकेची. डाक म्हणजे चांदीत तांबे-जस्त मिसळून केलेला, चांदीच्या आधी वितळणारा धातू. सांधा स्वच्छ हवा आणि तंतोतंत मिटलेला हवा; डाक फट भरत नाही, ती सांध्यात शिरते. सांध्याला टाकणखार लावायचा, डाकेचा कण ठेवायचा आणि जाळ डाकेवर न धरता सगळ्या दागिन्यावर फिरवायचा. दागिना पुरेसा तापला की डाक आपोआप पाण्यासारखी पळते. नवशिक्याची चूक ठरलेली, तो डाकेच्या कणालाच भाजत बसतो. आणि डाक विकत घेताना विचारून घ्यायचे, कॅडमियम नसलेलीच घ्यायची. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक असतो.

मी गावी परतले ती जंतर, दोन चिमटे, एक कानस, लहान करवत आणि दोन किलो तांब्याची तार घेऊन. आत्याबाईंनी पिशवी पाहिली, काही बोलल्या नाहीत. मी मात्र त्यांना शब्द दिला : तेजाब नाही, आणि घरात जाळ नाही. जे करायचे ते गोठ्यात.

गोठा आठ दिवस धूत होते. गव्हाणीच्या जागी फळी ठोकून बसायची ओटी केली. काम छातीच्या उंचीला यावे, मान वाकू नये, अशी तिची मांडणी. समोरासमोर दोन खिडक्या, म्हणजे वारा आरपार. जाळाच्या जागी भट्टीची वीट, शेजारी वाळूची बादली आणि पाण्याची बादली. फळीखाली गुळगुळीत रेक्झिन बांधले, म्हणजे कानशीचा चूर खाली न सांडता झोळीत पडतो. पूर्वी सोनाराच्या दुकानातली माती धुऊन झारेकरी पोट भरत. मग आपला चूर आपण का सोडावा? काम सुरू करताना तार तोलायची, काम संपल्यावर दागिना, तुकडे आणि चूर मिळून पुन्हा तोलायचे आणि वहीत मांडायचे. गोठ्याचे नियम भिंतीवर खडूने लिहिले : पदर खोचलेला, केस बांधलेले, जाळाजवळ सुती लुगडे किंवा सुती पोशाख, डोळ्यांना चष्मा, गोठ्यात खाणे-पिणे बंद, इथले भांडे स्वयंपाकघरात जाणार नाही, आणि जाताना कुलूप.

डाक लावल्यावर दागिना काळा पडतो, तो साफ करायला कारागीर आम्ल वापरतात. मी बाजारातले लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून वापरते. वेळ थोडा जास्त लागतो, पण छाती जळत नाही. मग रिठ्याच्या पाण्यात घासले की चांदी चमकते.

मी काय करते ते पाहायला शेजारणी येऊ लागल्या आणि ‘आम्हालाही दाखवा’ म्हणू लागल्या. तेव्हा वर्ग सुरू केला. पहिल्यांदा फुकट शिकवले. बारा जणी आल्या, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी तीन. आणि बारा जणींच्या हातांकडे एकटीने लक्ष देणे जाळाच्या कामात धोक्याचे, हेही कळले. मग सहाच जणी घ्यायच्या, पाच रविवार, दुपारी दोन ते चार, आणि शंभर रुपये, त्यात तांब्याची तार धरून, असे ठरवले. पैसे घ्यायला जीभ रेटेना; पण गंमत अशी की पैसे दिलेल्या सहाही जणी वेळेवर आल्या. पहिल्याच दिवशी प्रत्येकीने तांब्याच्या वीस कड्यांची साखळी करून घरी नेली. नवशिक्याने पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, हा माझा नियम. दुसऱ्या रविवारी कानातल्या आकड्या, तिसऱ्या रविवारी जंतर, चौथ्याला डाक, पाचव्याला घासणे-पुसणे.

चौथ्या रविवारी माझी परीक्षा झाली. एक मुलगी आजीच्या तुटलेल्या चांदीच्या मासोळ्या घेऊन आली. आजी वारलेली, घरात तिची तेवढीच खूण. मी डाक लावून दिली. सांधा छान बसला. मग गडबडीत मासोळ्या लोखंडी चिमट्याने धरून लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवल्या. त्या पाण्यात महिनाभर आम्ही तांबेच धूत होतो. बाहेर काढल्या तो मासोळ्या तांबूस! मुलीचा चेहरा पडला. ‘‘काकू, माझ्या आजीच्या चांदीचं तांबं झालं,’’ म्हणून ती रडू लागली. बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. चांदीच्या कामात हातचलाखीचा संशय यायला क्षण लागत नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तेव्हा खिडकीशी खोकल्याचा आवाज आला. मामंजी उभे होते. इतके दिवस ते गोठ्याकडे फिरकले नव्हते. ते आत आले, काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘आधी वजन कर. आल्या तेव्हाचं वहीत आहे ना?’’ वजन जुळले; डाकेमुळे किंचित जास्तच भरले. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितले. आम्लाच्या पाण्यात तांबे उतरलेले असते. त्यात लोखंड गेले की ते तांबे पाण्यातून निघून चांदीवर पातळ थरासारखे बसते. चांदी आहे तशीच असते, वरचा नुसता बुरखा. त्यांनी मासोळ्या स्वतः जाळावर धरल्या, थर काळा होऊ दिला, मग ताज्या पाण्यात लाकडी चिमट्याने सोडल्या आणि रिठ्याने घासल्या. दोन वेळा तसे केल्यावर मासोळ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. मुलगी डोळे पुसून हसली. त्या दिवसापासून गोठ्यात लोखंडी चिमटा पाण्याजवळ येत नाही.

आणि पाचवा रविवार मामंजींचा झाला. ते चांदी ओळखायला शिकवतात. चांदीला चुंबक चिकटत नाही, पण म्हणून चुंबकाला न चिकटणारे सगळे चांदी नव्हे. तांबे-पितळही चिकटत नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली. चांदीला ती ऐच्छिक आहे, आणि सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सहा अक्षर-अंकांची खूण येऊ लागली आहे. विकत घेताना ती पाहावी, पावती घ्यावी. ज्या अनुभवाची किंमत त्यांना खोकल्यात चुकवावी लागली, तो अनुभव सांगताना त्यांचा आवाज खणखणीत होतो.

गेल्या दिवाळीत अक्का भाऊबीजेनंतर दोन दिवस आमच्याकडे आली. गोठा पाहिला, भिंतीवरचे नियम वाचले आणि बायकांच्या ओळीत जाऊन बसली. कड्या जोडायची वेळ आली तेव्हा तिच्या बोटांचा वेग पाहून सगळ्यांची तोंडे उघडी राहिली. मी म्हटले, ‘‘अक्का, हा धडा तूच शिकव.’’ तिने शिकवला. मग मी तिच्यापुढे वीट सरकवली, टाकणखार दिला, डाकेचा कण ठेवला. जाळ हातात घेताना तिचा हात थरथरत होता. तिने जाळ सगळ्या वाळ्यावर फिरवला, सावकाश, जशी शेगडीवर पापड भाजताना फिरवतात. आणि डाक पळाली. सांध्यावर चकाकती रेघ उमटली.

तिने वाळे थंड केले, धुतले, बोटावर फिरवून पाहिले. लहान बाळाच्या पायातले ते वाळे होते. एवढेच म्हणाली, ‘‘हे आख्खं माझं.’’

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी वाऱ्याचा वास घेतल्यासारखे केले, खिडक्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘चहा ठेवलाय. पर हात धुऊन घरात या सगळ्याजणी.’’